टेकडीचा हिशेब

मुंबई-गोवा महामार्गाच्या इंदापूर-पनवेल टप्प्यात दगडी खडीऐवजी पोलाद कारखान्याची मळी, म्हणजे स्लॅग, वापरून एक किलोमीटरचा चौपदरी रस्ता झाला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. डोलवीच्या कारखान्यात सुमारे ८० हजार टन मळीवर प्रक्रिया करण्यात आली. मार्गदर्शन केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे होते. प्रयोग स्तुत्य होय. मात्र तो नियम व्हावयाचा, तर निविदेचा हिशेब बदलला पाहिजे. निविदेत खडीचा भाव असतो. फोडलेल्या टेकडीची किंमत नसते. ती खाणीलगतची गावे धूळ खाऊन चुकवतात. कच्ची मळी पाण्याने फुगते, म्हणून तिची काटेकोर तपासणी हवीच. परंतु खडी स्वस्त व मळी महाग ठरत असेल, तर दोष मळीचा नव्हे, अपुऱ्या हिशेबाचा आहे.