कान टोचण्याआधी विचारा

ईद किंवा घरातले लग्न जवळ आले की लेकींचे कान टोचण्याची घाई होते. भिंतीवर दुकानाचा परवाना दिसला की आपण निर्धास्त होतो. पण तो परवाना दुकानाचा असतो, टोचणाऱ्याच्या हाताचा नव्हे. इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्याने कान टोचणारे आणि गोंदणारे यांची नोंदणी स्थानिक परिषदेकडे होते. आपल्याकडे पारख घरच्यांनाच करावी लागते.

म्हणून आम्ही सांगतो, आधी विचारा. सुई नवी, बंद पाकिटातली आहे का? हात धुऊन नवे हातमोजे घातले का? बाळीत निकेल तर नाही ना? सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली म्हणजे निर्जंतुक होत नाही. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. कानाच्या वरच्या कडक भागावर गन मुळीच लावू देऊ नका. तिथे संसर्ग झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

विचारल्यावर कोणी चिडले तर लेकीला घेऊन सरळ उठून या. बाळीविनाही ईद गोडच होते.