विश्लेषण : सरकारी गुपिते सांभाळतो कोण? आणि ती फुटतात कुठून?

पुण्यातील दिघी येथील डीआरडीओ प्रयोगशाळेच्या तत्कालीन संचालकांना मे २०२३ मध्ये राज्याच्या एटीएसने अटक केली, तेव्हा सगळी चर्चा 'हनी ट्रॅप' या शब्दाभोवती फिरली. समाजमाध्यमावरची ओळख, व्हॉट्सअॅपवरचे बोलणे, क्षेपणास्त्रांची माहिती दिल्याचा आरोप, असा तो सगळा मसाला होता. (हे तपास यंत्रणेचे आरोप आहेत, निकाल नव्हे.) एक बाब मात्र मागे पडली. ही कारवाई झाली ती डीआरडीओच्याच तक्रारीवरून. म्हणजे संस्थेच्या आत कोणीतरी आपल्याच वरिष्ठाकडे संशयाने पाहण्याचे काम करत होते. हे काम कोणते, ते कसे चालते आणि कुठे कमी पडते?

हे काम नेमके काय असते?

सुरक्षा अधिकारी म्हटले की डोळ्यांसमोर येतो प्रवेशद्वारावरचा बंदूकधारी जवान. गोपनीय माहितीच्या सुरक्षेचे काम बहुतांशी टेबलावरचे आणि बरेचसे कंटाळवाणे असते. कोणत्या कागदावर कोणता शिक्का पडला, त्याच्या किती प्रती निघाल्या, कोणती प्रत कोणाकडे आहे, तिजोरी किती वाजता उघडली आणि कोणी बंद केली, याच्या नोंदी ठेवायच्या. नव्या कर्मचाऱ्याची पार्श्वभूमी तपासून घ्यायची, गुप्ततेच्या करारावर त्याची सही घ्यायची, नोकरी सोडताना त्याला त्या कराराची आठवण करून द्यायची. मोबाइल दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवायला लावायचा. गुप्त कामाचा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही ना, हे पाहायचे. संध्याकाळी सगळे गेल्यावर टेबलांवर काही राहिले नाही ना, म्हणून फेरी मारायची. अमेरिकेत या दिवसाखेरच्या तपासणीसाठीसुद्धा छापील सरकारी तक्ता आहे, त्यावर रोज सही करावी लागते.

आपल्याकडे कागदपत्रांच्या चार प्रती आहेत : टॉप सिक्रेट, सिक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड. अमेरिकेत तीन. तिथे वर्गीकरणाचे नियम राष्ट्राध्यक्षांच्या २००९ सालच्या आदेशाने ठरले असून तो कोणालाही वाचता येतो. आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाची यासंबंधीची नियमावली मात्र सर्वसामान्यांसाठी खुली नाही. काय गुप्त ठेवायचे हे ठरवणारे पुस्तकच गुप्त!

परवानगी असली म्हणजे काहीही वाचता येते?

नाही, आणि या व्यवसायाचा गाभा इथेच आहे. पार्श्वभूमी तपासून मिळालेली मान्यता सांगते की ही व्यक्ती विश्वासार्ह वाटते. पण समोरचा कागद तिला कामासाठी हवा आहे का, हा प्रश्न वेगळा. दोन्हींची उत्तरे 'हो' असतील तरच कागद पुढे सरकायला हवा. पहिला प्रश्न काही वर्षांतून एकदा विचारला जातो; दुसरा रोज, प्रत्येक कागदागणिक विचारायचा असतो. आणि तोच विचारायचा राहून जातो. अमेरिकेत २०१७ च्या सरकारी आकडेवारीनुसार गोपनीय माहितीसाठी पात्र ठरलेल्यांची संख्या ४० लाखांहून अधिक होती. एवढ्या माणसांच्या बाबतीत दुसरा प्रश्न विचारायला सुरक्षा अधिकारी पुरे पडणे शक्यच नाही. तो शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्यानेच विचारावा लागतो.

टेशेरा प्रकरणात काय घडले?

हे सगळे कसे मोडते, याचा सर्वांत तपशीलवार उघड दस्तावेज अमेरिकी हवाई दलाच्या महानिरीक्षकांचा डिसेंबर २०२३ मधील अहवाल आहे. जॅक टेशेरा हा मॅसॅच्युसेट्स एअर नॅशनल गार्डमधला जेमतेम विशीतला तरुण. केप कॉडवरील तळावर तो गुप्तवार्ता तुकडीच्या संगणक जाळ्याची देखभाल करत असे. विश्लेषण करणे हे त्याचे काम नव्हते. पण जाळे दुरुस्त करणाऱ्याला जाळ्यात शिरावेच लागते, म्हणून त्याला सर्वोच्च श्रेणीची मान्यता होती. २०२२ पासून तो युक्रेन युद्धासह अनेक विषयांवरची गुप्त माहिती डिस्कॉर्ड या गेमिंगप्रेमींच्या संवादमंचावर मित्रांना दाखवत राहिला. आधी मजकूर टाइप करून, पुढे कागद घरी नेऊन त्यांची छायाचित्रे काढून. त्यात पैशाचा संबंध नव्हता, कुठल्या परक्या देशाचा हस्तकही नव्हता. ओळखीतल्या पोरांवर छाप पाडायची, एवढेच. एप्रिल २०२३ मध्ये ही छायाचित्रे जगभर पसरली आणि १३ एप्रिलला त्याला अटक झाली.

यात चोरीपेक्षा आधीचे महिने जास्त बोलके आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये गुप्त अहवाल पाहून चिठ्ठीवर काही टिपून घेताना तो दिसला. त्याला समज दिली गेली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा, आता स्पष्ट शब्दांत, 'हे खोलात शिरणे थांबव' असे सांगितले गेले. जानेवारी २०२३ अखेर तो पुन्हा कामाशी संबंध नसलेली माहिती पाहताना आढळला. तीन वेळा माणूस हाती लागला आणि तिन्ही वेळा प्रकरण तुकडीतल्या तुकडीत मिटले. नियमाप्रमाणे ते ज्यांच्याकडे जायला हवे होते, त्या सुरक्षा अधिकाऱ्यांपर्यंत पूर्ण माहिती गेलीच नाही.

शिवाय रात्रपाळीला तिघांचीच तुकडी असे. त्यांचे मुख्य काम वातानुकूलन यंत्रणा नीट चालू आहे ना हे पाहणे आणि फोन घेणे. कित्येकदा त्यातला एखादाच माणूस त्या दालनात असे. कोणी काय छापले यावर देखरेख नव्हती, छापील कागदाचे काय करायचे याचे नियम नव्हते. घराच्या पुढच्या दाराला तीन कुलपे आणि मागचे दार नुसते लोटलेले, अशी ती गत. भर म्हणजे, आपल्या कामाचे महत्त्व कळावे म्हणून तुकडीचे अधिकारी तंत्रज्ञांनाही गुप्तवार्तांची साप्ताहिक माहिती देत होते. हेतू चांगला होता. पण 'तुला हे कशाला हवे?' या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच देऊन टाकले होते.

सहकारी गप्प का बसले?

काहींना धोका दिसलाच नाही. काहींना मात्र पुरेसे माहीत होते आणि त्यांनी ते मुद्दाम वर कळवले नाही, असे अहवाल सांगतो. कारण? सुरक्षा अधिकारी राईचा पर्वत करतील, ही भीती. टेशेराला १५ वर्षांची शिक्षा झाली. तुकडीतल्या १५ जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, त्यात प्रमुखाला पद गमवावे लागले.

ही भीती निव्वळ बहाणा म्हणून सोडून देता येणार नाही, आणि ते भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. 'इस्रो'चे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. सीबीआयला त्यात तथ्य आढळले नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाखांची भरपाई मंजूर करायला २०१८ साल उजाडले. संशय नोंदवला की समोरच्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते, हे दिसत असेल तर शहाणा सहकारी पाहून न पाहिल्यासारखे करतो. म्हणूनच चांगला सुरक्षा अधिकारी तो, ज्याच्याकडे किरकोळ गोष्ट घेऊन जायला माणसे कचरत नाहीत. पहिल्या समजेच्या वेळी चौकशी झाली असती तर टेशेराची मान्यता गेली असती, कदाचित नोकरी गेली असती. १५ वर्षांचा तुरुंगवास वाट्याला आला नसता.

भारतातला अनुभव काय सांगतो?

जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत कुमार नारायण प्रकरण उघडकीस आले. नारायण हे मुंबईतील एका उद्योगाचे दिल्लीतील प्रतिनिधी. त्यांनी पंतप्रधान कार्यालयासह अनेक ठिकाणच्या स्वीय सचिवांना आणि कारकुनांना पैसे आणि मद्याच्या बाटल्या देऊन हाताशी धरले होते. कागद बाहेर यायचे, छायाप्रती निघायच्या, कागद जागेवर परत. माहिती विदेशी दूतावासांपर्यंत पोहोचत होती. इथेही कमजोर जागा तीच : ज्यांच्या हातून कागद जातो, पण ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, ती माणसे. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांना राजीनामा द्यावा लागला. तेच पुढे १९९३ पासून नऊ वर्षे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. खटल्याचा निकाल लागायला २००२ साल उजाडले. तोवर मुख्य आरोपीचे निधन झाले होते.

या खटल्यांचा आधार आहे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. इंग्रजांनी केलेल्या या कायद्यात 'गुपित' म्हणजे काय याची व्याख्या नाही. त्यामुळे शिक्का मारणाऱ्याचा हात सैल राहतो, आणि सगळ्याच फायलींवर लाल शिक्का असला की खरा जपायचा कागद त्यात हरवून जातो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करून आवश्यक तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घ्याव्यात, असे सुचवले होते. ते झाले नाही. हवाई दलासारखा चुकांचा पाढा वाचणारा अहवालही आपल्याकडे सहसा बाहेर येत नाही. दिघी प्रकरणात आरोपपत्रातून आरोपीने काय केले असावे, एवढेच कळते. पहिली शंका कोणाला आली, किती दिवस ती दाबली गेली, दुसऱ्या प्रयोगशाळेने त्यातून काय शिकावे, हे कळत नाही.

वरिष्ठच नियम मोडत असतील तर?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी येमेनमधील हल्ल्यांच्या वेळा 'सिग्नल' या ॲपवरच्या एका गटात टाकल्या. गट तयार करणारे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्झ यांच्याकडून त्यात 'द अटलांटिक' नियतकालिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांचाही समावेश झाला होता. गोल्डबर्ग यांनीच ते जगाला सांगितले. माहिती गोपनीय नव्हतीच, असा प्रशासनाचा दावा. आणि एखादी माहिती गोपनीय आहे की नाही हे ठरवण्याचे मूळ अधिकार ज्यांच्याकडे असतात, त्यांत संरक्षणमंत्रीही येतात. मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवा, असे शिपायाला सांगणारा सुरक्षा अधिकारी इथे कोणाला काय सांगणार? मे महिन्यात वॉल्झ यांना पदावरून हलवून संयुक्त राष्ट्रांतील राजदूतपदासाठी त्यांचे नाव सुचवण्यात आले. टेशेराला शिक्षा सुनावली गेली त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.