पहिला नंबर कुणाचा?



कबड्डीचा हंगाम जवळ आला की मधल्या सुट्टीत एक भांडण हमखास सुरू होतं. सगळ्यात भारी चढाईपटू कोण? एक म्हणतो पवन सेहरावत, दुसरा म्हणतो अर्जुन देशवाल, तिसरा पलटणवाला असतो, तो अस्लम इनामदारशिवाय दुसरं नावच ऐकून घेत नाही. घंटा होते, भांडण तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू!

या भांडणाचा निकाल लावायची एक युक्ती आज सांगतो. खेळाचं नाव ‘वहीतला संघ’. पाच-सहा मित्रमैत्रिणी जमवा. एक शंभर पानी वही घ्या. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपापले खेळाडू निवडायचे, वहीत नावं लिहायची आणि खाली सही ठोकायची. मग प्रत्यक्ष सामन्यात तुमच्या खेळाडूने जेवढे गुण मिळवले, तेवढे तुमच्या खात्यावर. शेवटी ज्याचं खातं मोठं, तो जिंकला. जगभर फुटबॉल, क्रिकेटवर लोक हा खेळ खेळतात. आपण तो आपल्या मातीतल्या खेळावर खेळू.

पण संघ निवडायचा म्हणजे आधी यादी हवी. पहिला कोण, दुसरा कोण, पाचवा कोण? आणि इथेच भले भले फसतात. कसे, ते बघू या.

सगळ्यात सोपी यादी म्हणजे एकूण गुणांची. प्रो कबड्डीतली पाच नावं घेऊ. २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने चढाईत ३६९ गुण मिळवले. २०१९ च्या सातव्या हंगामात बंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावतने ३४६. २०२२ च्या नवव्या हंगामात जयपूरच्या अर्जुन देशवालने २९६. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात दबंग दिल्लीच्या आशू मलिकने २७६. आणि २०२४ च्या अकराव्या हंगामात पाटण्याच्याच देवांक दलालने ३०१.

आता लावा क्रम. प्रदीप, पवन, देवांक, अर्जुन, आशू. झाली यादी! सोपं आहे की नाही?

थांबा. आता प्रत्येकाने किती सामने खेळले ते बघा. प्रदीप २६, पवन २४, देवांक २५, अर्जुन २४, आशू २३. पेन्सिल काढा आणि भागाकार करा. प्रदीपचे सामन्यामागे गुण येतात १४.२ आणि पवनचे १४.४. म्हणजे एकूण गुणांत मागे असलेला पवन सरासरीत पुढे गेला! खाली बघा, तीच गंमत. अर्जुन १२.३, देवांक १२.०४. तेही दोघे उलटे झाले. आणि एकूण गुणांत देवांकपेक्षा तब्बल २५ गुणांनी मागे असलेला आशू? त्याची सरासरी बरोबर १२. देवांकच्या अगदी खांद्याला खांदा लावून!

असं का झालं? प्रदीपचा संघ त्या वर्षी बाद फेरीतले सामने जिंकत जिंकत थेट विजेता झाला, म्हणून त्याला जास्त सामने मिळाले. जास्त सामने म्हणजे जास्त चढाया आणि जास्त गुण. यात प्रदीपचा मोठेपणा कमी होत नाही बरं का! संघाला पुढे नेण्यात त्याचाच तर हात होता. पण तुम्ही कोणता प्रश्न विचारताय, त्यावर उत्तर बदलतं. ‘हंगामभरात जास्त गुण कुणाचे?’ हा एक प्रश्न. ‘उद्याच्या सामन्यात जास्त गुण कोण देईल?’ हा दुसरा. वहीतला संघ करताना दुसरा प्रश्न कामाचा. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: यादी सरासरीने लावायची.

आता दुसरी गोष्ट. चढाईपटू मिळवतो ते आपण मोजतो, घालवतो ते कोण मोजणार? चढाईपटूची पकड झाली की समोरच्या संघाला एक गुण मिळतो, हे झालं एक नुकसान. दुसरं त्याहून मोठं. तो बाद होऊन बाहेर बसतो, आणि त्याच्या संघाने समोरचा गडी बाद करून त्याला परत आणेपर्यंत तिथेच बसून राहतो. संघाचा हुकमी एक्का बाहेर आणि समोरचे लोण चढवायच्या तयारीत! लोण चढलं की आणखी दोन गुण गेले.

एक उदाहरण घ्या. एका सामन्यात एकाने ८ गुण मिळवले, पण त्याची ६ वेळा पकड झाली. दुसऱ्याने ७ च मिळवले, पण पकड झाली फक्त २ वेळा. वर्तमानपत्रात पहिल्याचं नाव आधी येईल. पण वजाबाकी करा. पहिल्याचे उरले २, दुसऱ्याचे ५. तुम्ही कप्तान असतात तर कुणाला पाठवलं असतं? म्हणून सामना बघताना कागदावर दोन रकाने आखा, ‘मिळवले’ आणि ‘घालवले’. दर वेळी एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, आजोबा हिशेब मांडतात तशी.

तिसरी गोष्ट आहे तिसऱ्या चढाईची. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी असते ‘करो या मरो’ची. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद! बोनस फक्त समोर सहा किंवा सात गडी असतानाच मिळतो. त्यामुळे समोर पाच किंवा त्याहून कमी गडी असले तर बोनसची सोय नाही, गड्याला हात लावूनच यावं लागतं. काही जण पहिल्या दोन चढायांत झकास खेळतात आणि तिसरीला गडबडतात. काहींना मात्र मुद्दाम तिसऱ्या चढाईसाठीच राखून ठेवलेलं असतं. त्यांचे एकूण गुण कमी दिसतात, पण ते आलेले असतात सगळ्यात अवघड वेळी. आपल्या वहीत अशा गुणाला एक गुण जादा द्या.

चौथी गोष्ट जरा दुःखाची आहे. २०२२ च्या नवव्या हंगामाआधी लिलावात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला तब्बल २ कोटी २६ लाखांना घेतलं. त्या वर्षी कुणाच्याही यादीत पहिलं नाव त्याचंच असणार. आणि झालं काय? पहिल्याच सामन्यात, सुरुवातीच्या काही मिनिटांत, त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि अख्खा हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं. ज्याचा सगळा संघ एकट्या पवनवर उभा, त्याची वही तिथेच मिटली असती.

पण थलायवाज संपले का? अजिबात नाही! नरेंदर नावाच्या नव्या पोराने त्या हंगामात चढाईत २४३ गुण मिळवले आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे त्यांना हरवलं ते आपल्याच पुणेरी पलटणने, ३९-३७ असं. म्हणून चौथा नियम: यादीत एक जागा नव्या नावासाठी मोकळी ठेवा. मोठं नाव घ्यायला कुणालाही जमतं. खरी मजा असते ती अजून कुणी न ओळखलेला खेळाडू आधी ओळखण्यात.

आणि आता येऊ आपल्या पलटणकडे. पुणेकरांनो, हे नीट वाचा.

त्याच नवव्या हंगामात अंतिम सामन्यात जयपूरने पलटणला ३३-२९ असं हरवलं होतं. पुढच्या हंगामाआधी पलटणने लिलावात आपली सगळ्यात मोठी रक्कम मोजली, २ कोटी ३५ लाख. कुणासाठी? तुम्ही म्हणाल, एखाद्या चढाईबहाद्दरासाठी. नाही! इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी, म्हणजे पकडी करणाऱ्यासाठी. आणि चढाया कुणी केल्या? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला कप्तान अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, असे तिघे-चौघे मिळून. त्या हंगामात चढाईच्या गुणांच्या यादीत पलटणचा कुणी पहिला आला नाही. पण १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या सामन्यात पंकजने एकाच चढाईत चार गुण आणले होते. आणि हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला अस्लम, कारण तो चढाईही करतो आणि पकडीलाही उभा राहतो.

बघा, गंमत आहे की नाही! चढाईच्या यादीत ज्यांचं नाव सगळ्यात वर नव्हतं, त्यांनी करंडक आणला. एकाची पकड झाली तरी दुसरा तयार, त्यामुळे समोरच्याने अडवायचं तरी कुणाला? उलट बाजूही बघा. २९ डिसेंबर २०२४ ला आपल्या बालेवाडीत अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. एकीकडे ३०१ गुणांचा देवांक, दुसरीकडे हरियाणाची पकड. आणि हरियाणात कोण? तोच शादलुई! देवांकला फार हालचाल करू दिली नाही आणि हरियाणाने ३२-२३ असा सामना खिशात घातला.

म्हणून यादी करताना शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा खेळाडू एकटा सगळं ओढतोय, की त्याला जोडीदार आहेत? एकटा असेल तर त्याला चढाया जास्त मिळतील, गुणही जास्त येतील, पण सगळा बचाव त्याच्यावरच टपलेला असेल. जोडीदार असतील तर त्याचे गुण वाटले जातील, पण तो बाद झाला तर लवकर परत येईल. तुमच्या वहीत दोन्ही प्रकारचे खेळाडू हवेत.

आता खेळाचे नियम लिहून घ्या. प्रत्येकाने पाच खेळाडू निवडायचे: तीन चढाईपटू, एक अस्लमसारखा दोन्हीकडे खेळणारा आणि एक नवा. एक खेळाडू एकाच्याच वहीत. निवडीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या फेरीत एक ते सहा, दुसऱ्या फेरीत उलटं, सहा ते एक, म्हणजे शेवटी निवडणाऱ्यावर अन्याय नको. गुण असे: गडी बाद केला किंवा बोनस आणला तर १, तिसऱ्या चढाईत गुण आणला तर आणखी १, पकड केली तर १, आणि स्वतःची पकड झाली तर वजा १. खेळाडू जखमी होऊन हंगामाबाहेर गेला तर एकदाच बदली घेता येईल. एकदा सही झाली की खाडाखोड नाही! हंगाम सुरू झाल्यावर ‘मी तर आधीच म्हणत होतो’ असं सगळेच म्हणतात. वहीत लिहिलेलं असेल तोच खरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा खेळ पैसे लावून खेळायचा नाही, एक रुपयासुद्धा नाही. मोबाइलवर असे संघ करून लोकांनी खिसे रिकामे करून घेतले. शेवटी २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पैसा आला की माणूस खेळ बघत नाही, नुसता आकडा बघतो. आवडत्या खेळाडूची पकड झाली तर त्याला शिव्या घालतो. आपल्याला तसं व्हायचं नाही. आपल्याकडे जिंकणाऱ्याला मान एवढाच की पुढच्या हंगामाची वही त्याच्या घरी राहणार. आणि हरलेल्याला शिक्षा? पुढच्या हंगामाचे पहिले दोन आठवडे सगळ्यांचा हिशेब त्याने मांडायचा!

पलटणवाल्यांना एक कानगोष्ट. पलटणवर जीव लावा, सामन्याला घसा बसेपर्यंत ओरडा. पण यादी करताना ते प्रेम थोडा वेळ दप्तरात ठेवा. अस्लमचं नाव वर घालायचं असेल तर जरूर घाला, फक्त शेजारी कारण लिहा. ‘तो आपला आहे’ हे कारण चालणार नाही. सरासरी, वजाबाकी, तिसरी चढाई, जोडीदार, यातलं एक तरी हवं.

या आठवड्याचा गृहपाठ. हंगामाची वाट बघू नका. तुमच्या शाळेच्या किंवा मंडळाच्या मैदानावर मुलांचा किंवा मुलींचा एक सामना बघा. हो, मुलींचाही! २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींनीही सुवर्णपदक जिंकलं आणि त्या संघात आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे होती. सामना सुरू व्हायच्या आधी सगळ्यात भारी चढाईपटू कोण ते कागदावर लिहा आणि कागद घडी करून खिशात ठेवा. मग दोन रकाने आखून शेवटपर्यंत रेघा मारा. सामना संपल्यावर वजाबाकी करा आणि खिशातला कागद उघडा.

नाव जुळलं तर शाबास. नाही जुळलं तर दुप्पट शाबास, कारण आज तुम्हाला एक नवा खेळाडू सापडला.

चला तर, पेन्सिलीला टोक करा. पुढच्या अंकात भेटू!