पाच वर्षं थांबायला काय हरकत होती?

संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की कुणीतरी समंजसपणाचा आव आणून म्हणतं, जून १९५६ मध्ये नेहरूंनी तोडगा दिलाच होता की! मुंबई पाच वर्षं केंद्राकडे राहील, मग तिथल्या लोकांना विचारू. अमेरिकेतही सरहद्दीवरचे मुलूख आधी 'टेरिटरी' असत आणि सावकाश राज्यं होत. मग आपल्याकडेच एवढी आदळआपट कशाला?

अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. वायव्य प्रदेशासाठी १७८७ मध्ये केलेल्या कायद्यात राज्य होण्यासाठी साठ हजार वस्तीची अट होती. न्यू मेक्सिको १८५० मध्ये टेरिटरी झाला, तेव्हाच त्याची वस्ती साठ हजारांच्या वर होती. राज्य व्हायला मात्र १९१२ उजाडलं. मधली बासष्ट वर्षं गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमणार आणि काँग्रेसमधल्या प्रतिनिधीला मत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिकांवर वॉशिंग्टनचा भरवसा नव्हता, हेही त्यामागचं एक कारण.

शिवाय हा दाखला मुळातच उलटा आहे. टेरिटरीला नसलेले हक्क पायरीपायरीने मिळायचे. मुंबई तर निवडून आलेली विधानसभा असलेल्या राज्याची राजधानी. तिचा हातातला हक्क काढून घ्यायचा आणि पाच वर्षांनी परत द्यायचा की नाही ते ठरवायचं, याला तोडगा म्हणायचं?

दुसरा आक्षेप, की भांडण मुंबईचं, पेण-रोह्याला त्याचं काय? धरमतरच्या धक्क्यावरून लाँच धरून ज्यांच्या घरची माणसं कामाला मुंबई गाठत होती, त्यांना हे विचारावं. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले ते पेण-रोह्याच्या याच कुलाबा जिल्ह्यातून (आजचा रायगड). रोह्यातल्या महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं, तेही भावनेच्या भरात, असं म्हणणारे आहेत. रिझर्व्ह बँकेचा हा पहिला भारतीय गव्हर्नर, आकड्यांत मुरलेला माणूस. लोकसभेतला त्यांचा आक्षेप कार्यपद्धतीवर होता: मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळापुढे नीट न आणताच झाला आणि मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराच्या चौकशीची मागणीही मानली गेली नाही. नेहरूंनी आरोप नाकारला. तो वाद इतिहासकारांनी खुशाल घालावा. पण मुद्दा कारभाराचा होता, भाषिक उमाळ्याचा नव्हे.

केंद्रशासित मुंबईची योजना बारगळली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. पण केंद्र राज्याचा हक्क त्याच्या संमतीवाचून काढून घेईल, हे जुनं भय खोटं होतं असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून राज्य तोडता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात राष्ट्रपतींनी राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवलं की झालं, ते मानायचं संसदेवर बंधन नाही. २०१९ मध्ये विधानसभा विसर्जित असतानाच जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा लवकरात लवकर परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. निवडणुकीला मुदत घालून दिली, दर्जाला नाही.