तीन दिनार, चाळीस रुपये

लघुतम साधारण विभाज्य दिलेल्या कोणत्याही संख्येहून लहान नसतो आणि महत्तम साधारण विभाजक कोणत्याही संख्येहून मोठा नसतो. १२ आणि १८ यांचा लसावि ३६, मसावि ६. नावाने 'लघुतम' तो आकाराने मोठा आणि नावाने 'महत्तम' तो लहान. सहावी-सातवीच्या वह्यांत या दोहोंची जी अदलाबदल दिसते, तिचे मूळ बहुतेक वेळा भागाकारात नसते. या विशेषणांत असते. कानावर 'लघुतम' पडले की मूल लहान संख्या शोधू लागते, आणि ते स्वाभाविकच आहे.

मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, इंग्रजीतही तसेच. अरबीत ते नामामागून येते. तेथे लसाविचे नाव 'अल-मुदाअफ अल-मुश्तरक अल-असगर' असे आहे. त्याचा क्रम 'विभाज्य, साधारण, लघुतम' असा लागतो. कुवेतमधल्या मराठी घरातले मूल शाळेत 'एलसीएम' म्हणते, आईवडिलांकडून 'लसावि' ऐकते आणि अरबी नाव त्याच्या कानावर क्वचितच पडते. पण शिकवण्याचा खरा क्रम त्या अरबी नावातच आहे. आधी १२ चे विभाज्य लिहावेत, मग १८ चे. दोन्ही याद्यांत येणारे ३६, ७२, १०८ वेगळे काढावेत. ही साधारण विभाज्यांची यादी कधी संपत नाही, हे मुलांच्या लक्षात येऊ द्यावे. न संपणाऱ्या यादीतला सर्वांत मोठा मागता येत नाही, म्हणून सर्वांत लहान मागायचा. विभाजकांची यादी मात्र संपते, आणि तिच्यातला सर्वांत लहान नेहमी १ च असतो. तो विचारण्यात काही हशील नाही, म्हणून तेथे मोठा. विशेषण असे शेवटी आले की ते पाठ करावे लागत नाही.

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत वापरल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या सहावीच्या 'गणित प्रकाश'मध्ये ३ च्या विभाज्याला 'इडली', ५ च्या विभाज्याला 'वडा' आणि दोन्हींच्या विभाज्याला 'इडली-वडा' म्हणण्याचा खेळ आहे. सुरुवात म्हणून तो उत्तम. पण ही संख्या काढायची गरज कोणाला आणि का पडते, याचे उत्तर खेळातून मिळत नाही. ते कुवेतच्या चलनाच्या इतिहासात मिळते.

१९६१ पर्यंत कुवेतमध्ये रुपया चालत होता. आधी भारतातलाच, आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या काढलेल्या नोटांचा, म्हणजे गल्फ रुपया. १ एप्रिल १९६१ रोजी दिनार आला. त्याची किंमत एका ब्रिटिश पौंडाइतकी, म्हणजे १३⅓ रुपये ठरली. एका दिनारचे फिल्स १०००, म्हणून एका रुपयाचे फिल्स ७५. रुपये आणि दिनार, दोन्ही पूर्ण संख्येत राहतील अशी सर्वांत लहान रक्कम कोणती? ७५ आणि १००० यांचा लसावि ३०००. तीन दिनार म्हणजे बरोबर चाळीस रुपये. त्याखालच्या कोणत्याही रकमेत एका बाजूला अपूर्णांक उरतोच. हाच हिशेब पौंडाच्या बाजूनेही करून पाहता येतो. जुन्या पौंडाचे पेन्स २४०, रुपयाचे १८, त्यांचा लसावि ७२०; पुन्हा तीन पौंड, चाळीस रुपये. दोन वेगळ्या जोड्यांतून एकच उत्तर का आले, हा प्रश्न वर्गात सोडून द्यावा. दोन्ही जोड्यांचे गुणोत्तर एकच आहे, हे कोणीतरी हेरतेच.

सुट्ट्या नाण्यांत खरी गंमत आहे. रुपयाच्या शंभर नव्या पैशांचे ७५ फिल्स, म्हणजे ४ नव्या पैशांचे ३ फिल्स. पावलीचे होतात पावणेएकोणीस फिल्स, अधेलीचे साडेसदतीस. दोन्ही पूर्ण नाहीत. व्यवहार ५ फिल्सच्या नाण्यावर आला, तर ३ आणि ५ यांचा लसावि १५ आडवा येतो: १५ फिल्सचे २० नवे पैसे, आणि त्याच्या पटीतल्या रकमाच चोख बदलता येतात.

याच आकड्यांतून मसाविही निघतो. रुपया आणि दिनार दोन्ही तंतोतंत मोजील असे सर्वांत मोठे माप २५ फिल्सचे. रुपयात ते ३ वेळा बसते, दिनारात ४० वेळा. पण २५ फिल्सचे नाणे कुवेतच्या नाण्यांत नाही. १, ५, १०, २०, ५० आणि १०० यांपैकी दोन्ही रकमा निःशेष मोजणारी १ आणि ५ एवढीच. साधारण विभाजक अनेक असतात आणि महत्तम त्यांतला एक, हा फरक येथे आपोआप कळतो.

भागाकाराची रीतसुद्धा त्या १३⅓ मध्ये दडलेली आहे. १००० ला ७५ ने भागले की भाग १३, बाकी २५. ७५ ला २५ ने भागले की बाकी शून्य. शेवटचा भाजक २५ हाच मसावि. युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या भागात ही रीत आहे, आणि आर्यभटाच्या 'कुट्टक' या रीतीतही अशाच परस्पर भागाकारांची साखळी चालते. मोठ्या संख्यांसाठी ती मूळ अवयवांपेक्षा सरस आहे, कारण तिला अवयव शोधावे लागत नाहीत. शाळेत ती मागे पडते याचे कारण बहुधा एवढेच, की मूळ अवयवांच्या मांडणीत लसावि आणि मसावि दोन्ही एकदम हाती लागतात.

मूळ अवयवांच्या उभ्या मांडणीत एक चूक हमखास होते, दोन नियमांची अदलाबदल. मसावि काढताना भाजकाने सर्वच संख्यांना भाग जायला हवा. लसावि काढताना कोणत्याही दोहोंना गेला तरी पुढे चालायचे. याला जोडूनच दुसरी चूक येते. लसावि गुणिले मसावि बरोबर संख्यांचा गुणाकार, हे दोन संख्यांपुरतेच खरे. ७५ आणि १००० साठी २५ × ३००० = ७५००० जुळते. ६, १०, १५ साठी मसावि १ आणि लसावि ३०, पण गुणाकार ९००. नियम फळ्यावर लिहिताना 'दोन' या शब्दाखाली रेघ ओढलेली बरी.

चलनाचे दर माणूस ठरवतो, पण मोजमाप निसर्गाचे असले, की नेमका साधारण विभाज्य सापडेलच असे नाही. चांद्रमास सुमारे २९.५३०६ दिवसांचा, सौरवर्ष ३६५.२४२२ दिवसांचे. मग जवळपासचा साधारण विभाज्य शोधावा लागतो: १९ वर्षांचे सुमारे ६९३९.६ दिवस आणि २३५ चांद्रमासांचे सुमारे ६९३९.७. १९ × १२ = २२८, उरलेले ७ अधिक मास. मराठी पंचांग ते अधिक मास धरते, म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. हिजरी कालगणना धरत नाही, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कुवेतमधल्या मराठी घरात भिंतीवर दोन्ही दिनदर्शिका असतील, तर सातवीच्या वर्गाला या दोन चक्रांची तुलना घरच्या घरी करता येते.