बाळ पंडितांचा माईक आपल्या मैदानावर कधी येणार?



पोस्ट थोडी मोठी आहे, पण आपल्याच पोरांबद्दल आहे. पूर्ण वाचा.

ज्यांचं वय आज पन्नाशीच्या पुढं आहे, त्यांना बाळ ज. पंडित हे नाव वेगळं सांगायला नको. पुण्याचा हा माणूस महाराष्ट्राकडून रणजी खेळला आणि नंतर आकाशवाणीवरून क्रिकेटचं मराठीत धावतं वर्णन करू लागला. क्रिकेटवर पुस्तकंही लिहिली. 2015 साली, 86 व्या वर्षी ते गेले.

भाताचा हंगाम, गिरणी चालू, पोत्यांच्या थप्पीवर ट्रान्झिस्टर आणि भोवती हमाल, गाडीवान, दुकानदार. त्यातल्या निम्म्यांनी कधी मोठं मैदान पाहिलेलं नव्हतं. इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. तरी चेंडू कुठं पडला, कोण धावचीत झाला, झेल कुणी सोडला, हे सगळं त्यांना दिसायचं. चौकार, षटकार, पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द आपल्याला शाळेनं शिकवले नाहीत. ते रेडिओनं आणि पेपरनं शिकवले. खेळ फक्त साहेबांचा नाही, हे त्या आवाजानं गावागावात पोचवलं.

दुसरं नाव तर आपल्या नाशिकचंच, वि. वि. करमरकर. महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाचं स्वतंत्र पान उभं करणारे पत्रकार, आणि मराठी समालोचकही. 2023 च्या मार्चमध्ये ते गेले. आपल्या तालुक्यातल्या किती पोरांना त्यांचं नाव माहीत आहे? विचारून बघा.

आता मुद्द्यावर येतो.

आज कुठल्याही गावच्या कबड्डी स्पर्धेला जा. लाईट आहे, मॅट आहे, यूट्यूबवर लाईव्ह पण आहे. माईकवर काय चालू असतं? "अमुक भाऊंकडून 501 रुपये, तमुक शेठचं आगमन झालेलं आहे, टाळ्या!" तिकडं एखादी पोरगी बोनस घेऊन, दोघींना बाद करून मध्यरेषेवर परत येते आणि तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. चित्र सगळ्यांना दिसतं, पण खेळ सांगणारा कुणी नाही.

सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं. आपल्या जिल्ह्यातली आदिवासी पोरगी! आपल्यापैकी किती जणांनी ती शर्यत मराठीत ऐकली?

काही जण म्हणतील, आता आयपीएलची कॉमेंट्री मराठीत असते की. असते, आणि चांगलंच आहे. पण ते मोठ्या कंपन्यांचं गणित आहे. त्यांना आपला प्रेक्षक हवा आहे. आपल्या पोरांचा खेळ सांगायला त्या इगतपुरी तालुक्यात येणार नाहीत. ते काम आपलं आहे आणि आकाशवाणीचं आहे.

म्हणून तीन गोष्टी मांडतो.

1. आकाशवाणीच्या नाशिक केंद्रानं जिल्ह्यातल्या कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या मोठ्या अंतिम लढतींचं धावतं वर्णन द्यावं. वर्षाला चार दिल्या तरी सुरुवात होईल.

2. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी समालोचकाचं मानधन खर्चात धरावं. पंचाला देतो, मंडपवाल्याला देतो, मग दिवसभर घसा फोडणाऱ्याला फक्त नारळ आणि टॉवेल का?

3. देणगीदारांची नावं मध्यंतरात घ्या. खेळ चालू असताना खेळाडूचंच नाव घ्या, तिच्या गावासकट.

बाळ पंडितांकडं स्क्रीन नव्हता, रिप्ले नव्हता. होता तो खेळाचा अभ्यास आणि साधी मराठी. आपल्याकडं बाकी सगळं आहे, तेवढं सोडून.

गावात चांगलं बोलणारी, खेळ कळणारी पोरं-पोरी असतील तर कमेंटमध्ये सांगा. पुढच्या स्पर्धेला माईक त्यांच्या हातात द्यायचा आग्रह आपण मिळून धरू.