'शीळ' आणि रोमँटिक कवितेवरील एक आक्षेप

रोमँटिक कविता, म्हणजे नियमांपेक्षा व्यक्तीच्या उत्कट भावनेला आणि कल्पनाशक्तीला प्रमाण मानणारी कविता, खेड्यातल्या गाण्याला सुंदर करते, पण गाणाऱ्याला मुकेच ठेवते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. आक्षेपकांचा हुकमी दाखला वर्ड्‌स्वर्थच्या 'द सॉलिटरी रीपर' (१८०७) या कवितेचा असतो: स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एकटीच कापणी करणारी मुलगी गाते, वाटसरूला तिची भाषा कळत नाही आणि तरीही तो सूर मनात साठवून पुढे निघून जातो. मराठीतील जानपदगीतांवर, म्हणजे सुशिक्षित कवींनी ग्रामीण वातावरण व बोली योजून रचलेल्या गीतांवर, कृतकतेचा ठपका ठेवला जातो तो याच न्यायाने.

वर्ड्‌स्वर्थपुरता हा आक्षेप अर्धाच खरा आहे. अर्थ न कळल्याचे त्याचा वाटसरू लपवत नाही आणि तर्क करतो तोही प्रश्नरूपानेच. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांच्या 'शीळ' या कवितेपुढे मात्र हा आक्षेप मुळीच टिकत नाही. येथे रानात घुमणारी शीळ ऐकणारा कोणी परगावचा प्रवासी नाही. ऐकते ती खेड्यातलीच तरुणी, आणि कविता तिच्याच तोंडची आहे. शिळेला शब्द नसले, तरी ती कोणाची आणि कोणासाठी, हे तिला पक्के ठाऊक आहे. प्रियकराला काळवेळाचे भान नाही म्हणून ती त्याच्यावर लटके रागावते आणि तरीही सुगी सोडून धावते; म्हणजे येथे श्रम पुसलेले नाहीत, उलट किती निकडीचे काम तिने टाकले, यावरूनच शिळेची ओढ कळते. सुराचे वर्णन न करता ऐकणारीवरील परिणामातून त्याचे सौंदर्य सिद्ध करणे ही गवळण या गीतप्रकाराची जुनी रीत असून, कृष्णाची मुरली ऐकताच गोपींची घरकामे अर्धवट राहतात ती याच रीतीने.

'शीळ'मध्ये दुष्काळ आणि सावकार नाहीत, हे खरे. परंतु प्रेमगीताकडे त्याचा जाब मागणे म्हणजे खेड्यातल्या माणसाने केवळ दुःखच गावे, असा दंडक घालणे होय. गायक जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे ही कविता शहरी दिवाणखान्यांत रमली, हाही कवितेचा दोष नव्हे. रोमँटिक कवितेला सरसकट दोषी धरण्याआधी गाणे कोणाच्या कानांनी ऐकले गेले, हे तपासले पाहिजे. त्या कसोटीवर 'शीळ' निर्विवाद उतरते.